बाण हलला की आई आली

ठकी फोनवर बोलत नसे. आई दवाखान्यात गेली त्या दिवसापासून तिनं फोनशी कट्टी धरली होती. कुणी बळेच कानाला लावला, तर "त्यात आई नाहीये, नुसता आवाज आहे," असं म्हणून ती तोंड फिरवायची. चार वर्षांच्या पोरीशी वाद कोण घालणार?

आई दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होती. ठकीचा भाऊ दिवस भरायच्या कितीतरी आधी, कुणी हाका मारत असल्यासारखा जगात आला होता, आणि आता काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गोतावळ्यात पडून वाढायचं काम मुकाट्यानं करत होता. त्याला सोडून आईला हलता येत नव्हतं. घरी ठकी, तिचे आजोबा म्हणजे आप्पा, आणि संध्याकाळी कारखान्यातून दमून येणारा बाबा.

तोडगा बाबानंच काढला. आईच्या फोनवरून घरचा कॉम्प्युटर चालवता येईल अशी सोय त्यानं करून दिली. मग रोज दुपारी ठकी पडद्यावरच्या कोऱ्या पानासमोर पाय हलवत बसायची. पानावरचा बाण कुणी हात न लावता आपला आपण हलला, की ती ओरडायची, "आई आली!" बाण मांजर काढायचा: आधी गोल, मग कान, मग मिश्या. शेपूट ठकीसाठी राखून ठेवलेलं. त्या शेपटापुरता बिनवायरचा माउस आप्पांच्या खिशातून बाहेर यायचा. एरवी तो तिच्या हाती लागता, तर तिनं त्याला आंघोळ घातली असती.

आईला मात्र त्या मांजराचाच आधार होता. एवढा एकच धागा उरला होता, आणि तोही तुटला तर घरी परतल्यावर लेक आपल्याला ओळख देईल का, ही भीती ती कुणाला सांगत नव्हती.

त्या दिवशी बाण हललाच नाही.

बाबानं एकदा समजावून सांगितलं होतं की घराचा इंटरनेटवरचा पत्ता कायमचा नसतो. भिंतीवरची इंटरनेटची पेटी बंद होऊन पुन्हा चालू झाली की कंपनी बहुधा नवाच पत्ता देते. म्हणून त्यानं आईच्या खात्यावर एक फुकटचं नाव घेऊन ठेवलं होतं. पत्ता कितीही बदलो, ते नाव बरोबर घरी नेऊन सोडायचं. अट एवढीच, की महिन्याकाठी "अजून आहात ना?" असा मेल आला की "आहे" म्हणायचं. या महिन्याचा मेल आला तेव्हा बाळाचा श्वास अडखळत होता. तेव्हा कोण मेल बघतंय? ती आहे की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. नाव गेलं. बाबाचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा. राहिले आप्पा. आईनं त्यांना फोन लावला.

"आप्पा, कॉम्प्युटरवर 'पत्ता' लिहिलेलं चित्र आहे बघा. त्यावर दोनदा टिचकी मारा. चार आकडे येतील, मध्ये टिंबं. तेवढे वाचून दाखवता?"

"त्यात काय मोठंसं, सूनबाई!"

आप्पांनी आकडे खणखणीत वाचले. जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस, आकड्याला पक्का. तिनं ते फोनात भरले. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि 'जोडता आलं नाही' असं म्हणून थांबलं.

"आप्पा, कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"छे! तुला आकडे दिले, काम झालं. भिंतीवरचं बटणच बंद केलं. फुकट कशाला जाळायचं?"

तिनं कपाळाला हात लावला. आप्पांची ही सवय घरात कुणाला नवी नव्हती. खोलीतून निघताना दिवा, पंखा, जे जे चालू असेल ते बंद केल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबरठा ओलांडत नसे. सूर्याचं बटण हाताशी असतं तर जेवण झाल्यावर त्यांनी तेही दाबलं असतं.

पुन्हा सगळं चालू. नवा पत्ता. आप्पांनी वाचला, तिनं भरला. जोडता आलं नाही.

"या खेपेला कॉम्प्युटर चालू आहे हो. शपथेवर सांगतो."

"आणि ते दिवे लुकलुकणारं डबडं?"



"आकडे तर कॉम्प्युटरवर दिसतात," आप्पा हळूच म्हणाले. "म्हटलं, मग डबडं कशाला?"

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. रागवायचं तरी कुणावर? म्हातारा जिवापाड धडपडत होता, आणि जितका धडपडत होता तितकं घर तिच्यापासून लांब सरकत होतं.

डबडं पुन्हा चालू झालं, पण त्याचा दिवा काही लालचा हिरवा होईना.

मागून ठकीचा आवाज आला, "आप्पा, आईला रस्ता सापडत नाही का?"

"सापडेल गं."

"नको सापडू दे. मी आता बाणाशीपण कट्टी घेणार."

आईनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला. तेवढ्यात सिस्टर दारात आली. "ताई, दुधाची वेळ झाली. हात धुवून घ्या."

"आलेच. एक मिनिट."

फोनात वर्तमानपत्र सळसळलं. आणि एकदम किंकाळी, "आई आली! आप्पा, आई आली!"

आईनं आपल्या फोनकडे पाहिलं. जोडता आलं नाही. तसंच्या तसं. तिचं बोट हवेत होतं, आणि घरी बाण हलत होता.

"आई, आज तुझा हात किती थरथरतोय," ठकी पडद्याला विचारत होती. "तुला बरं नाही का?"

"हां, साहेब, ऐकतोय," आप्पा फोनात मोठ्यानं म्हणाले. "ते कान कुठं बसवायचे म्हणालात?"

आता तिच्या ध्यानात आलं. आप्पांच्या मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली माउस.

"गोलाच्या वर, आप्पा," ती कशीबशी म्हणाली. "दोन त्रिकोण."

"दोन. टोकदार ना, साहेब?"

"आप्पा, फोन ठेवा ना! आई चित्र काढतेय, तुमची बडबड काय!"

"साहेबांचं महत्त्वाचं आहे गं."

तिला आप्पांचे पाय धरावेसे वाटले.  ठकीजवळ आई पोचली होती. फक्त ती स्वतः इथंच राहिली होती.

"ताई!" सिस्टर पुन्हा आली. "उशीर झाला की तो थकून झोपतो, मग नळीनं द्यावं लागतं. कालच तोंडानं दोन घोट घेतलेत त्यानं."

"आणि मिश्या, साहेब?" आप्पा विचारत होते. "मिश्यांचं कसं करायचं?"

"आप्पा, मला आत जायचंय—"

"आई, मिश्या राहिल्या!" ठकी ओरडली.

फोन आत नेता येत नसे. तिनं बोलणं तोडून तो बाहेरच्या खणात ठेवला आणि नळाखाली हात धरले. बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत. धुवून झाल्यावर हात वर धरून, कशालाही न लावता आत जायचं, असा तिथला नियम.

ती दाराशी पोचली तोच खणात फोन थरथरायला लागला. आप्पाच असणार. प्रत्येक बाजूला तीन, एवढंच तर सांगायचं होतं.

हातांवरून पाणी कोपराकडे ओघळत होतं. फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. काचेपलीकडे बाळानं ओठ हलवले. तिनं खांद्यानं दार ढकललं.