तिसऱ्या हाकेची ओ

शरच्चंद्र माझ्या डोक्यात आधीपासूनच जायचा, पण त्या सोमवारी त्याने कहर केला. अंधेरीच्या आमच्या गिरिभ्रमण मंडळाचा तो म्होरक्या. रविवारी कान्हेरीच्या डोंगरातून परतताना जयवंत मागे राहिला आणि सापडेचना. म्हणून आम्ही चौघे कचेरीला दांड्या मारून सकाळपासून त्याला शोधत होतो. ऑक्टोबरचं ऊन, कमरेएवढं गवत. त्याच्याजवळचं पाणी कालच संपलं असणार. आणखी एक रात्र त्याला झेपली नसती.

शरच्चंद्राचा नियम असा, की एकदाच हाक मारायची आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून ऐकत राहायचं.

"अरे, सारखं ओरडू या ना," मी म्हटलं.

"मग त्याची ओ कशी ऐकू येईल? शिस्त पाळ रे."

ओ येतच नव्हती. शिस्त तेवढी झकास चालली होती.

दुपारी पाणी घ्यायला मी लेण्यांपाशी उतरलो. जयवंतची आई रुक्मिणीबाई जोगेश्वरीहून येऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हाक कशी मारतास तुमी?" मी नियम सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला.

"एका हाकेक तो ओ देवचो नाय. रानात एकदाच हाक मारता ता भूत. तिसऱ्या हाकेशिवाय ओ देव नको, मीच शिकवलंय तेका."

बँकेत नोकरी करणारा माणूस भुताला भिऊन गप्प बसेल? संतापाने मला रडू येईलसं वाटलं. तरी धावत वर गेलो.

"काहीतरीच. अडाणीपणा आहे हा," शरच्चंद्र म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि लागोपाठ तीनदा ओरडलो.

"ओ!"

सकाळपासून आम्ही जिच्या काठाने ये-जा करत होतो, त्याच घळीत जयवंत पडला होता. घोटा टम्म सुजलेला, ओठ फुटलेले. घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "सकाळपासून ऐकतोय. पण एकच हाक यायची नि मग सगळं सामसूम. माझी तर वाट लागली, यार."

त्याला मिठी मारावी की दोन ठेवून द्याव्यात, मला कळेना.

बांबूला घोंगडी बांधून डोली केली. पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं शरच्चंद्राच्या. उतारावर तो धापा टाकू लागला.

"नंदकुमार."

मी चालत राहिलो.

"नंदकुमार, थांब ना. खांदा बदलायचाय."

डोलीत जयवंत खुदकन हसला. शरच्चंद्राने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठे मी ओ दिली.