किनांतीचा लाल चिमटा

डब्यात टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पाच तळलेले तुकडे. सहावा दिसला तर किनांती जेवत नाही.

कपडे वाळत घालायचे तीन चिमटे: हिरवा, पिवळा, लाल.

मोठ्यांनी हात पुढे केला की तो धरून कपाळाला लावायचा. जावा बेटावर मूल चालायच्या आधी हे शिकतं.

तपासणीचे साहेब, आठ वाजता.

"आज काही झालं ना बाई, तर माझ्या हातात काही राहणार नाही," मुख्याध्यापक हर्तोयो म्हणाले. "साहेबांनी उलटा शेरा मारला की मुलगी घरी."

"त्यांना नियम सांगितलात ना, सर? लाल चिमटा लागला की तीन पावलं मागे. बोलायचं नाही, हात लावायचा नाही," तिवुकबाई म्हणाल्या.

"साहेबांना मागे व्हा म्हणू? तुम्ही पण ना!"

तिवुकबाई वर्गातल्या मदतनीस. दोन वर्षं त्या पंधरा वर्षांच्या किनांतीशेजारी बसत होत्या. गलका, स्पर्श सोसेनासा झाला की पूर्वी ती भिंतीवर डोकं आपटायची. आता कॉलरचा चिमटा बदलते: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे हात लावू नका, लाल म्हणजे लांब व्हा.

आत्ता हिरवा होता.

"टेंपे किती आणलेस गं?"

"पाच."

"मला एक देशील?"

"नाही. मग चार होतील."

साहेब आले. माणूस हसरा होता. मुलांनी रांगेने त्यांचा हात कपाळाला लावला. किनांतीची पाळी आली. तिने कॉलरला पिवळा लावला आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. बाईंनी तसंच शिकवलं होतं.

साहेबांचा हात तसाच पुढे राहिला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

आणि तिवुकबाईंच्या हाताने, त्यांना न विचारता, किनांतीची पाठ पुढे ढकलली. "लाव गं, बाळा."

दोन वर्षांत पहिल्यांदा.

किनांती ताठ झाली. बोटं दातांत गेली. भिंत दोन हातांवर. बाईंनी हात झटकन मागे घेतला. तो थरथरत होता. किनांती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने खिशातून लाल चिमटा काढला आणि बाईंच्या बाहीला लावला.

"बाई लाल आहेत," ती भिंतीला म्हणाली. "तीन पावलं मागे व्हा. सगळे."

कोणी हललं नाही. मग साहेबांनी हात खाली घेतला. एक पाऊल. दोन. तीन. हर्तोयोही सरकले.

किनांती पुटपुटत चाळीसपर्यंत आकडे मोजत होती. बाईंना तिची माफी मागायची होती. पण लाल असताना बोलायचं नसतं.

दुपारी शेरा आला: विद्यार्थिनी वर्गात राहू शकते. स्वतःला सावरते. वेगळ्या मदतनिसाची गरज दिसत नाही.

त्या सकाळी डब्यात सहा तुकडे निघाले होते. सहावा तिवुकबाईंनी फाटकाबाहेर, किनांतीची पाठ असताना, खाऊन टाकला होता.