आडव्या कुंड्या

ईस्टर झाला की कोरली मुलीकडे पर्थला जाणार, हे ठरलं होतं. तिच्या ऑर्किडच्या कुंड्या कुणाकडे जाणार, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. माझ्या मते सांगायची गरजही नव्हती. गावच्या वनस्पती उद्यानाच्या रोपवाटिकेत स्वयंसेवक म्हणून बारा वर्षं दर मंगळवारी मी तिच्या शेजारी उभी राहून माती कालवली आहे. दुसऱ्या कुणाकडे जाणार होत्या?

चारच कुंड्या, पण आम्ही त्यांना देवासारखं जपायचो. खाणवाल्यांनी गावामागची टेकडी फोडली, त्याच्या आदल्या आठवड्यात कोरली परवानगी काढून तिथे गेली होती आणि हिरव्या टोपीच्या ऑर्किडचे सात कंद घेऊन आली होती. वाटाण्याएवढे. त्या सातांचे तिने साठ केले. आता ती टेकडी नाही, आणि टेकडीवरची ती ऑर्किडं फक्त आमच्या रोपं ठेवायच्या बाकाखाली.

ही ऑर्किडं उन्हाळ्यात वर काही ठेवत नाहीत. आमच्याकडे उन्हाळा डिसेंबरात लागतो, तेव्हापासून कुंडीत नुसती माती, खाली कंद झोपलेले. पाणी पडलं की कुजले. म्हणून कोरलीचा नियम असा, की झोपलेली कुंडी बाकाखाली आडवी करून ठेवायची. आडवी दिसली की हात लावायचा नाही. उभी आणि रिकामी दिसली की रोप मेलं समजायचं, माती टाकायची, कुंडी धुवायची.

धुण्याचं काम लिंडसेकडे होतं. तीस वर्षं जहाजावर आचारी होता, निवृत्त होऊन ऑक्टोबरात आमच्यात आला. कोपरापर्यंत हात बुडवून कुंड्या अशा घासायचा, की त्यात जेवायला वाढावं. बोलायचा कमी. मला अशी माणसं जरा खटकतातच. मी शाळेची बस चालवली आहे, गप्प बसलेलं पोर कायम काहीतरी करून बसलेलं असतं.

मार्चमध्ये पहिलं पाणी घालायचा दिवस आला. कोरली बाकाखाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"ग्लेनिस," ती म्हणाली, "माझ्या कुंड्या कुठायत?"

कुंड्या नव्हत्याच. मी सरळ चहाच्या टेबलाकडे गेले. मंगळवारचे आठही स्वयंसेवक तिथे होते.

"लिंडसे, बाकाखालच्या चार कुंड्या तू धुतल्यास?"

त्याने बिस्किट खाली ठेवलं. "चार धुतल्या खऱ्या. जानेवारीत. पण बाकाच्या टोकाला उभ्या होत्या त्या."

"उभ्या? आडव्या होत्या! मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता ना तुला? का जहाजावर ऐकायची पद्धत नसते?"

बारा वर्षांच्या बाईपुढे पाच महिन्यांचा माणूस, कुणाचं खरं धरणार? लिंडसेने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"असेल माझी चूक," तो म्हणाला. कप धुऊन जागेवर ठेवला आणि गेला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. मला वाईट वाटलं म्हणाल तर नाही. उलट बरंच वाटलं, आणि ते मी इथे कबूल करते.

त्या दिवशी झाडायची पाळी माझी होती. बाकाखाली झाडू घातला, तर पानांच्या ढिगातून निळ्या जिभेचा सरडा बाहेर आला. तोंड उघडून त्याने ती जाडजूड जीभ मला काढून दाखवली.

"परत आलास का रे मेल्या?" मी म्हणाले, आणि माझा हात थांबला.

परत. म्हणजे हा आधी आला होता. जानेवारीत, त्या भयंकर उन्हाच्या आठवड्यात, मी एकटीच झाडायला आले होते. हा असाच बाकाखाली घुसला होता. त्याला हुसकायला मी मधल्या कुंड्या बाहेर ओढल्या होत्या. चार. आणि बाकाच्या टोकाला ओळीने ठेवल्या होत्या, छान उभ्या. मग ऊन सोसवेना म्हणून घरी गेले होते.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं लोक म्हणतात. मला तर आपलं काही आहे हेच आठवलं नव्हतं. गप्प बसावं, असंही मनात आलं. सरडा सोडून साक्षीदार कोण होतं? पण लिंडसेने कप धुऊन जागेवर ठेवला होता, ते काही डोळ्यांपुढून हलेना.

चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. कोरलीने कप खाली ठेवला.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं तो घरी बसलाय."

लिंडसेने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातांना पीठ होतं. मी दारातच सगळं बोलून टाकलं, एका दमात, नाहीतर जमलं नसतं.

"कुंड्या उभ्या होत्या हे मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "पण तू एवढं ठासून म्हणालीस, की मलाच माझी शंका यायला लागली. आत ये, आत्ताच भाजलेले स्कोन गरम आहेत."

"स्कोन राहू दे. त्या कुंड्यांतली माती कचऱ्यात गेली ना?"

तो एकदम शाळकरी पोरासारखा ओशाळला. वापरलेली माती बागेबाहेर न्यायची नाही, रोग पसरतो, असा आमचा नियम आहे.

"कोरलीला सांगू नकोस," तो म्हणाला. "मला काही फेकवत नाही. मागच्या अंगणातल्या लिंबाच्या कुंडीत घातली."

लिंबाची कुंडी आम्ही दोघांनी वर्तमानपत्रावर उलटी केली. त्याने पिठाची चाळणी आणली. संध्याकाळपर्यंत चाळलं. उन्हाळाभर लिंबाला पाणी मिळालं होतं, बहुतेक कंद कुजून गेले होते. नऊ निघाले. पांढरे, टणक. लिंडसेने ते अंड्याच्या खोक्यात एकेक करून ठेवले.

मंगळवारी लिंडसेने आणलेलं खोकं कोरलीने उघडलं आणि कंद दोनदा मोजले. "साताने सुरुवात केली होती," ती म्हणाली. "दोन जास्तच आहेत." माती कुठे सापडली ते तिने विचारलं नाही. नव्या कुंडीत कंद ठेवले, वरून माती, त्यावर सुरूच्या झाडाच्या सुया. मग लेबल आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. लेबलाच्या मागे कुंडी सांभाळणाऱ्याचं नाव असतं.

"लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"कुणाचं नाव?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

कोरलीने लिंडसेकडे बोट केलं. तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तरी लागायचं ते लागलंच. बारा वर्षं मी मनातल्या मनात त्या जागी माझं नाव वाचत आले होते. पेन्सिल टेकवली आणि थांबले, कारण लिंडसेचं आडनाव मला ठाऊकच नव्हतं. पाच महिन्यांत कधी विचारलं नव्हतं.

"प्रिडो," तो म्हणाला.

लिहिलं. लेबल खोचलं. लिंडसेने कुंडी दोन्ही हातांनी उचलली, बाकापाशी गेला आणि मागे वळला.

"ग्लेनिस, आता ही उभीच ठेवायची ना?"

"उभी," मी म्हणाले. "आणि हे बघ, पुन्हा कधी असं मला विचारू नकोस. कोरली आहे तोवर तिला विचार."