खाली वाकताना

दसऱ्याच्या दरबारात बळवंत मुजऱ्याला लवला आणि वर येता येता भोवंडून पडला. लोकांनी उचलून दौलतगंजच्या घरी आणलं. सगळ्यांचं निदान एकच: संस्थान मध्य भारतात विलीन झालं, त्याचा धक्का. पिढ्यान् पिढ्यांची चाकरी ती! समाचाराला येणारा जो तो हळहळायचा, "राज्य गेलं, माणूस खचणारच." हळूहळू बळवंतलाही ते पटलं. तो जिना उतरेना. नव्या सरकारच्या कचेरीचं बोलावणं आलं, तरी खिडकीचे गज धरून बसून राहिला.

शामलाला राज्याचं एवढं काही नव्हतं. तिला सलत होतं ते निराळंच. दसऱ्यापासून नवऱ्यानं तान्ह्या लेकीला एकदाही उचललं नव्हतं. पाळण्याजवळ आला की तोंड फिरवी.

"मुलगी झाली म्हणून का हो?" एका दुपारी पोरीला पाजताना तिनं विचारलंच.

"भलतंच काय!" त्याचा चेहरा पांढरा पडला. "खाली वाकलं की घर गरगर फिरतं, शामला. वेड लागतंय मला. ती हातातून सुटली तर?"

"वाकल्यावरच? नुसतं बसल्यावर नाही?"

"बसल्यावर फिरत नाही. नुसती भीती वाटते."

डॉक्टरचं नाव काढताच सासूबाई, विजयाबाई, फणकारल्या, "डॉक्टर काय राज्य परत आणून देणार आहे?"

"नसू दे. तुमचा मुलगा तरी परत देईल!" म्हणत शामलानं टांगा बोलावला.

इंदरगंजच्या डॉक्टरांनी त्याची मान कलती करून डोळे न्याहाळले. "घबराइए मत. वेडबिड काही नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, ती बिघडलीय. बरी होईल. पण भीतीही खरीच आहे, बरं का. बसून राहाल तशी ती वाढेल. जपून हला, पण हला."

घरी येताच शामलानं भिंतीशी चटई अंथरली.

"बसा. पाठ टेका. वाकायचं काम माझं."

तिनं लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिला दोन्ही हातांनी धरलं. त्या हातांखाली तिनं आपले हात धरले.

"जाऊ नकोस गं."

"इथेच आहे मी."

पोरगी बापाकडे टकामका बघत राहिली, मग तिनं मोठी जांभई दिली. बळवंतचा श्वास सावकाश झाला.

"आता काढ हात," तो म्हणाला.

शामलानं एकच काढला.