डावा ग्लास, उजवा ग्लास

टिण्ण! चमचा काचेला लागला आणि खोलीतली शांतता मोडली. हिंदी मुलखातल्या पोलादाच्या गावी, स्मृति नगरातल्या करिष्माच्या घरी आठ-दहा बाया टेबलाभोवती श्वास रोखून उभ्या होत्या. करिष्मानं विक्रेत्यानं पाठवलेल्या यंत्राच्या सळ्या दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबलं. डाव्या ग्लासातलं नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गढूळ फेस आला. उजव्या ग्लासातही नळाचंच पाणी, पण 'जीवनस्टिक' नावाची पाणी शुद्ध करणारी कांडी फिरवलेलं. ते मात्र नितळ!

"अवो माय! हे पिऊन राहिलो आपण?" शेजारच्या शेवंताकाकूंनी तोंडाला पदर लावला.

"मशीन झूठ नहीं बोलती, बहनजी!" मोबाइलवरच्या व्हिडिओतला पांढऱ्या कोटातला विक्रेता गरजला. "जो जहर पानी में, वही आपके खून में! स्टिक का पानी पियो, शुगर की गोली कचरे में डालो!"

गंडादोरा असता तर करिष्मानं उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढलेली ती; विहारात पोरांना बुवाबाजीच्या युक्त्या उलगडून दाखवायची. पण इथं अंगारा नव्हता, मंत्र नव्हता. यंत्र होतं, कोट होता. नेमकी तिथंच फसली.

"तू बीएस्सी झाली पोरी," काकू म्हणाल्या होत्या, "तू म्हणशील तं घेतो."

"घ्या ना काकू. सायन्स आहे हे."

काकूंनी स्टिक घेतली, साखरेची गोळी सोडली; महिन्याभरात त्यांच्या पायाला झालेली जखम चिघळली. साखर भडकली होती. दवाखान्यातून पट्टी बांधून आल्या, पण गोळीला हात लावेनात. "तो म्हणे, आधी जहर बाहेर निघते. शंका घेतली तं स्टिकचा गुण जाते."

करिष्माला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं यंत्र पुन्हा मांडलं. तिच्या सात वर्षांच्या लेकीनं, भूमिकानं, खेळता खेळता ग्लास इकडचे तिकडे केले आणि बटण दाबलं.

"आई, शुद्धवालं पण घाण झालं!"

करिष्मानं ग्लास रिकामे केले. तिनं दोन्ही ग्लासांत साधंच पाणी भरलं. डावीकडे तपकिरी, उजवीकडे नितळ. प्लग काढून तिनं डाव्या ग्लासातली सळई पुसली. बोटाला तांबूस गंज लागला. लोखंड! वीज सोडली की तेच झिजून पाण्यात उतरतं. उजव्या ग्लासातल्या सळ्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना तांबडा गंज कुठून येणार? पाण्यात काहीच नव्हतं. घाण यंत्रच कालवत होतं. पोलादाच्या गावात, प्लांटवाल्या नवऱ्याच्या घरात, तिला गंज ओळखू आला नाही!

तिनं विक्रेत्याला लिहून पैसे परत मागितले. उत्तर आलं, "हफ्ते भर में बोलना था, मॅडम." गुण यायला महिना सांगायचा आणि परतीची मुदत आठवड्याची ठेवायची. शंका घेणं हे पाप ठरवायचं, म्हणजे मुदतीत कोणी तक्रारच करत नाही. यंत्रापेक्षा ही करामत मोठी. खरेदी एखाद्या दुकानाच्या ॲपवरून झाली असती तर निदान वाद घालता आला असता. पण त्यानं "कमीशन बचाओ" म्हटल्यावर तिनं सगळ्या बायांचे पैसे थेट त्याच्या नंबरवर टाकले होते. बँकेतली बाई म्हणाली, "आपने खुद भेजा है ना." तरी करिष्मानं ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्याच्याशी झालेल्या चॅटचे, स्टिकच्या पाकिटाचे फोटो जोडले. पैसे येतील का, कोणी सांगेना. पण काकूंचा पाय त्या तक्रारीसाठी थांबणार नव्हता.

ती यंत्र घेऊन शेजारी गेली. काकूंच्या हातूनच ग्लास बदलवले. या खेपेला स्टिकचंच पाणी तपकिरी झालं.

"म्हणजे त्यानं आपल्याले येडं बनवलं?"

"त्यानं मले बनवलं काकू. तुमाले मी." करिष्मानं यंत्राचा प्लग काढला. "कोणी कोट घालून येवो, नाही तं मशीन घेऊन येवो, ग्लास बदलून पाहायचे. पैसे टाकायच्या आधी विचारायचं, वस्तू खराब निघाली तं दाद कोणाकडे मागायची. आन् डॉक्टरले विचारल्याबिगर गोळी सोडायची नाही, मी म्हटलं तरी नाही. चला, आत्ता नेते तुमाले दवाखान्यात."

काकू भिंतीला धरून उठल्या. पट्टीचा पाय टेकताच कळवळल्या. करिष्मानं त्यांच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं भूमिकानं त्यांचं बोट धरलं आणि वर बघत विचारलं,

"आई, तू 'घ्या' नसतं म्हटलं, तं काकूचा पाय बरा राहिला असता का?"