दीड मीटर

"रुंदी दीड मीटर कमी भरतेय," लीगचा तपासनीस फीत गुंडाळत म्हणाला. फुटबॉल क्लबाचं मैदान एकतीस वर्षं राखणारे माझे बाबा चुन्याची बादली धरून शेजारी उभे होते. परीक्षेत कॉपी करताना सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

चूक खरीच होती. फार पूर्वीच्या एका प्रशिक्षकानं सांगितलं होतं, "आपली पोरं पळण्यात मंद आहेत, मैदान जरा अरुंद आखा." बाबांनी आखणीची दोरी आखडली. प्रशिक्षक गेला, ती पोरंही निवृत्त झाली. पण दोरी सैल करा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून बाबांनी ती केली नाही. आमचे बाबा सांगकामेच!

महिन्याभरात पत्र आलं. मैदान निकषात बसत नाही, म्हणून क्लबाची लीगमधली जागा दुसऱ्या शहराला. क्लब बंद.

बाबा दारोदार माफी मागत हिंडले. तिकीटवालीकडे गेले, कपडे धुणाऱ्याकडे गेले. "माझ्यामुळे तुमच्या पोटावर पाय आला," म्हणायचे. लोकही काही कमी नव्हते. "दोरीनं क्लबाला फास लावला," असं कोपऱ्यावर मोठ्यानं बोलायचे. बाबांचं जेवण दोन घासांवर आलं.

मी क्लबाच्या कचेरीत टंकलेखिका होते. लीगमधली जागा विकल्याचा मालकांचा करार मीच टाइप केला होता, मैदानाला फीत लागायच्या चार महिने आधी. त्या दुसऱ्या शहरात स्टेडियम मोठं, टीव्हीवर बघणारे जास्त. मंजुरी द्यायची लीगच्या मंडळानं, आणि मंडळ म्हणजे क्लबांचे मालकच. कुंपणच शेत खाणार, तर दाद मागायची कुणाकडे? सगळ्यांनी मंजुरीला हात वर केले. फक्त लोकांना सांगायला निमित्त हवं होतं. बाहेर बोलणार नाही अशी माझी सही घेतली होती, आणि मी भित्री.

शेवटी एका दुपारी बाबांचं उष्टं ताट उचलताना मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"तुमची काही चूक नव्हती, बाबा. आधीच ठरलं होतं."

मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

"म्हणजे तो माणूस मोजायला आला, ते..."

"नाटक होतं."

"गवत तरी पाहिलं का गं त्यानं?"

"नाही, बाबा."

महिनाभर लोकांचे टोमणे खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. एकतीस वर्षं राबूनही आपल्या चुकीनं बिघडावं इतकंही आपलं काही त्या क्लबात नव्हतं, हे त्यांना कळलं, आणि ते मी कळवलं. मी पाठीवर हात ठेवला.

"आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस," ते म्हणाले.

रागावले असते, तर मला सोसलं असतं.