मला पोथी नाही

मित्रांनो, मी एक जुनी राज्यघटना आहे, ब्रिटनची. मला शोधायला ग्रंथालयात गेलात तर हात हलवत परत याल, कारण मला पोथीच नाही. राजाशी भांडून मिळवलेल्या सनदा, सभागृहाचे कायदे, न्यायाधीशांचे निवाडे आणि ‘आपल्यात असंच करतात’ म्हणून पाळलेल्या रीती, यांची मी गोधडी आहे. एक ठिगळ विरलं की नवं लावतात. सगळी उसवावी लागत नाही. म्हणून माझं कौतुकही फार झालं.

माझी एक रीत सांगते. एखादा सभासद अडचणीत असला, तर विरुद्ध पक्षातला एक जण त्याच्यासाठी मतदानाला जात नाही. पारडी सारखी राहतात. याला कायदा नाही, नुसता शब्द.

ग्वेन प्रिचर्ड ही वेल्समधल्या एका खोऱ्याची सभासद. तिथलं छोटं रुग्णालय बंद करायचा ठराव सरकारने आणला आणि नेमके त्याच दिवशी तिचे वडील अत्यवस्थ झाले. त्यांनी जन्मभर प्रार्थनामंदिरात प्रवचनं गाऊन सांगितली. बोलता बोलता सूर चढायचा आणि देव जणू पहिल्या बाकावर येऊन बसायचा. पण ठरावाविरुद्ध मत द्यायचं होतं, म्हणून ग्वेनचा सभागृहातून पाय निघेना. सरकारपक्षाचा म्हातारा ह्यू टॅरंट तिला म्हणाला, “जा पोरी. मी मत देणार नाही. तुझं भाषण नसलं तर माझी डुलकी तेवढी बुडेल.”

संध्याकाळी पक्षाच्या प्रतोदाने ह्यूला चहाच्या खोलीत गाठलं. एकेका मताची ओढाताण चालली होती.

“टॅरंटसाहेब, ही रीत कुठे लिहिली आहे ते दाखवा, मी निघून जातो.”

“लिहिली असती तर तू एव्हाना पळवाट काढली असतीस, बाळा,” म्हणत ह्यू चहात बिस्कीट बुडवत राहिला.

मतं बरोबरीत आली. अशा वेळी सभापती आहे तेच राहू देतात, ही माझीच दुसरी रीत. रुग्णालय वाचलं. तिकडे वडिलांच्या उशाशी बसून ग्वेन त्यांचं आवडतं स्तोत्र गात होती.

पण पुढे त्याच प्रतोदाच्या नादाने त्याच्या पक्षातल्या एकाने पाय मोडलेल्या विरोधी सभासदाला शब्द दिला आणि गुपचूप मत देऊन आला. न्यायालयात जाण्याची सोय नव्हती. ‘शोभलं नाही हो,’ एवढंच लोक म्हणाले. तेव्हा मलाही वाटलं, आपली एक पोथी असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आजारी माणसंसुद्धा स्ट्रेचरवरून मतदानाला येऊ लागली. शब्दावर कुणी घरी जाईना.

मित्रांनो, मला लिहून काढायचं की नाही, ते मोठी माणसं ठरवोत. पण तोवर मला जपा. मला राहायला तुमच्या वागण्याखेरीज दुसरी जागा नाही.

परवा त्याच फसवणाऱ्या पक्षाचा एक नवा सभासद ग्वेनपाशी चाचरत आला. त्याची लेक तापाने फणफणली होती. ग्वेनच्या माणसांनी तिला खुणेने नको म्हटलं. तिने त्याचा कोट उचलून त्याच्या हातात दिला.

“गाडी चुकेल तुझी. मी आहे इथे.”

मतदानाची घंटा वाजली. सगळे उठून गेले. ग्वेन एकटी बाकावर बसून राहिली, आणि तिच्याजवळ मी.